हिरव्या शालूतला हिमालय

माझा भाचा हल्ली फोन तोंडासमोर धरतो, बोटानं टिचकी मारतो आणि त्याच्या पाठीमागं समुद्र येतो. अजून एक टिचकी, की चंद्र. मी म्हणते, "अरे, मागं भिंत आहे ती काय वाईट आहे? मागच्याच महिन्यात रंगवून घेतलीय." तर म्हणतो, "मावशी, तुला नाही कळायचं हे."

मला! मला नाही कळायचं! ज्या बाईनं ह्याच्या सख्ख्या आईला तिच्याच रिसेप्शनच्या कॅसेटमध्ये हिमालयात विरघळवून टाकलं, तिला मागचं चित्र बदलणं कळत नाही म्हणे. हा कार्टा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, बेंगळूरची. तेव्हा हेब्बाळ म्हणजे तळं आणि शेतं, आणि मारतहळ्ळीला जायचं म्हटलं तर आई डबा भरून द्यायची. आम्ही इथले जुने मराठी. किती जुने, असं विचारलं की अप्पा, म्हणजे माझे वडील, हवेत हात फिरवून सांगायचे, "तीनशे-साडेतीनशे वर्षं झाली. फौजेबरोबर आलो." जणू स्वतःच घोड्यावर बसून आले होते. आम्ही जातीचे शिंपी. फौजेत शिंप्याचं काय काम, असं मी एकदा विचारलं. "मग फौज काय उघडी लढती?" म्हणाले.

अप्पांचं चिकपेटच्या एका बोळात बायकांचे ब्लाउज शिवायचं दुकान होतं. शिवण चांगलीच होती, पण अप्पांचं नाव होतं ते मॅचिंगसाठी. बाई साडी घेऊन आली की अप्पा पदराच्या टोकाचा एक धागा हलकेच ओढायचे, उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळायचे आणि दुकानाबाहेर भर उन्हात जाऊन उभे राहायचे. मग कापडांच्या दुकानांतून ते बोट घेऊन फिरायचे. दुकानात ट्यूबलाइटखाली रंग बघणारा माणूस त्यांच्या हिशेबी शिंपीच नव्हे. एकदा एका बाईच्या मोरपंखी साडीसाठी ते तीन दिवस ते बोट घेऊन फिरले होते. जेवताना सुद्धा धागा सोडला नाही, आईनं कालवलेला भात चमच्यानं खाल्ला. आणि गळ्यात मापाची टेप. टेप नसली तर अप्पांना सर्दी होते, असं आई म्हणायची.

आणि अशा माणसाच्या पोटी मी. मला कात्री धरायचा कंटाळा, शिलाई मशीनचा तर रागच. मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा कोर्स केला आणि मल्लेश्वरमला एका व्हिडिओ स्टुडिओत लागले. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत आम्ही चपला काढायचो, दुसरीत कॉम्प्युटरला पंखा लावलेला असायचा. आम्हाला पंखा नव्हता. मालकांना सगळे 'सार' म्हणायचे. लग्नात कॅमेरा तेच धरायचे आणि नंतरचं सजवणं माझ्याकडे.

त्या काळात बेंगळूरमध्ये प्रत्येक लग्न दोनदा लागायचं. एकदा मंगल कार्यालयात, आणि दुसऱ्यांदा आमच्या मिक्सिंगमध्ये. दुसरं जास्त थाटाचं. बदामाच्या आकारात नवरी, गुलाबाची कळी उमलली की आतून नवरदेवाचं डोकं, सरबताच्या ग्लासात दोघं गोल गोल फिरतायत. एका लग्नात मी नवरदेवाच्या मामांना फुलपाखराच्या पंखावर बसवलं होतं. मामा खूश. पुढं वर्षभर ते मला रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे. लोक हसतात आता त्याला. हसा. पण तेव्हा आम्हाला वाटायचं की आपण कला करतोय, आणि मी तर छाती काढून सांगायची, मी आर्टिस्ट आहे.

अप्पांना हे काही पटत नव्हतं. "डब्यातलं चित्र," म्हणायचे. "हाताला लागत नाही ते कसलं काम गे? कापड बघ, चोळून बघता येतं. तुझं चित्र चोळायला गेलं तर काच." त्यांना मी दुकानात कटिंगच्या टेबलावर यायला हवी होते. रोज जेवताना तेच. मी पण काही गरीब गाय नव्हते, ताटावरून उठून जायची. आई मध्ये बसून दोघांनाही लोणचं वाढायची.

तेवढ्यात अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्यानं आलेला, बोलण्यात निम्मं इंग्रजी. माणूस सरळ होता, पण त्याच्या आईची आम्ही सगळ्यांनी धास्ती घेतली होती. त्या निवृत्त शिक्षिका. बोलणी करायला आल्या तेव्हा आमच्या घरातलं मराठी ऐकून त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला. आम्ही आपले 'स्वल्प थांबा', 'बरं बरं'च्या जागी 'सरी सरी' करत होतो.  जाताना फक्त म्हणाल्या, "शालू आमच्याकडून. मी स्वतः निवडणार आहे."

आणि लग्नाच्या दहा दिवस आधी, तोच शालू घेऊन दुकानाची पायरी उतरताना त्या पडल्या. पाय मोडला. प्लास्टर. आम्ही म्हटलं, मुहूर्त पुढं ढकलू. बाईंनी फोनवर अप्पांना सांगितलं, "मुहूर्त ढकलायचा नाही. लग्न होऊ दे. मला कॅसेट पाठवा. मात्र नीट काढा. शालूत सून कशी दिसते, ते मला बघायचं आहे."

अप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले. "ऐकलंस? कॅसेट तूच कर. बघून विहीणबाई चांगलं म्हणाल्या, तर राहा तुझ्या त्या डब्यात, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणाल्या, तर लग्न आटोपलं की कात्री हातात घ्यायची."

मी म्हटलं, "सरी!" आणि पाय आपटत आत गेले. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. पुण्याच्या बाईंना असं काही दाखवीन की प्लास्टरसकट उभ्या राहतील.

आता माझी युक्ती सांगते. मशीनला एक रंग दाखवायचा आणि हुकूम द्यायचा की हा रंग जिथं जिथं दिसेल, तिथं तो काढून दुसरं चित्र घाल. म्हणजे नवरा-नवरीच्या मागं एकाच रंगाचं मोठं कापड लावलं, की कापड गायब आणि मागं काय हवं ते. सारांकडं असलं एक निळं कापड होतं, पण ते टॉवेलाएवढं आणि त्यावर सांबार सांडलेलं. मला अख्खं स्टेज झाकायचं होतं. रिसेप्शन सगळं हिमालयात करायचं होतं! हिमालय मी कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या कॅलेंडरवरून घेतला. खालच्या तारखा पुसल्या. वरच्या बाजूला, आकाशात, खिळ्याचं भोक होतं, ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

अप्पांना म्हटलं, "स्टेजभर कापड पाहिजे. निळं नाहीतर हिरवं, कुठलंही चालेल. फक्त एकसारखं पाहिजे आणि सुरकुती नको."

'कुठलंही चालेल' हे शब्द अप्पांना उभ्या जन्मात कळले नव्हते. पुण्याहून शालू आला. अस्सल हिरवा, जरीच्या कोयऱ्यांचा. अप्पांनी त्याच्या टोकाचा एक धागा ओढला, बोटाला गुंडाळला आणि उन्हात जाऊन उभे राहिले. चिकपेट, अव्हेन्यू रोड, सगळं पालथं घातलं. चौथ्या दिवशी घामानं निथळत आले आणि कापडाचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला. "नवरीच्या मागचं कापड नवरीला शोभलं पाहिजे," म्हणाले. "बघ. ठेव शालूवर. सांग कुठं कापड संपतंय आणि कुठं शालू सुरू होतोय."

मी ठेवलं. खरंच सांगता येईना. मी म्हटलं, "अप्पा, कमाल आहे तुमची!"

असं म्हटलं मी. तोंडानं. कामाचा सगळा नियम मला माहीत, मशीन मी चालवणार, माझ्या स्वतःच्या हातात तेव्हा कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि तरीही माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही. आमच्याकडं येणाऱ्या इतर नवऱ्या लाल, केशरी, पांढऱ्या साड्यांतल्या असायच्या. कधी अडलंच नव्हतं. पण आपल्यात नवरी हिरवी असते, हे मराठी घरच्या पोरीला कुणी सांगायला पाहिजे? माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

लग्न झकास लागलं. सकाळचे विधी पिवळ्या साडीत झाले, ते सारांनी साधे सरळ काढले. संध्याकाळी अक्का शालू नेसून स्टेजवर आली आणि अप्पांच्या कापडापुढं बसली. मी कॅमेऱ्याशेजारी उभी. सगळं ठीक चाललं होतं, फक्त अप्पा सोडून. त्यांनी स्वतः शिवून, इस्त्री करून टांगलेल्या कापडाला पंख्याच्या वाऱ्यानं सुरकुती पडत होती, आणि ते त्यांना बघवत नव्हतं. नवरीचा बाप खुर्चीत बसून हात जोडायचे सोडून दर दहा मिनिटांनी स्टेजवर मागून यायचा, तोंडात टाचण्या, गळ्यात उपरण्याखालून डोकावणारी टेप, आणि दोन्ही हातांनी कापड ताणून खाली ओढायचा. पाहुणे आहेर देतायत आणि मागं अप्पा कापड चोपतायत.

आठव्यांदा आले तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "अप्पा! व्हा बाजूला! सगळं घालवलंत!"

 पुण्याची मंडळी माझ्याकडं बघायला लागली. अप्पा काही बोलले नाहीत. तोंडात टाचण्या होत्या, बोलणार तरी कसे? हातातली सुरकुती तेवढी नीट केली आणि उतरून गेले. मग अजून तीनदा आले, पण वाकून, चोरासारखे. मला तेव्हा लाज वाटली नाही. आता हे लिहिताना वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत कॅमेऱ्याची टेप लावली. सुरुवातीला नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या, नवरा-नवरी यायचे होते. कापडावर टिचकी मारून मशीनला रंग दाखवला आणि खुर्च्या बर्फात! अहाहा. मी टाळ्या वाजवल्या. आता दोन तासांचं रिसेप्शन आपोआप दुसऱ्या टेपवर उतरणार होतं. माझ्याकडं बसायला वेळ नव्हता, घरी लग्नाचा गोंधळ होता, गोंधळी येऊन बसले होते आणि आईचे तीन निरोप झाले होते. मी मशीनवर चिठ्ठी चिकटवली, 'सार, हे संपलं की कॅमेऱ्याची टेप पुढच्या लग्नाला वापरा,' आणि पळाले. आमच्याकडं टेपा मोजक्याच, पुसून पुसून वापरायचो.

सार शब्दाला पक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तोवर ती टेप बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी कुणाच्या तरी लग्नात भरली जात होती. मी चहा घेतला, पाय वर घेऊन बसले आणि आपली कॅसेट लावली.

हिमालय सुंदर आला होता. नवरदेव क्रीम रंगाच्या सुटात, एकदम सुरेख. त्याच्या शेजारी हवेत एक डोकं होतं. अक्काचं. डोक्याखाली गळा, गळ्यात मंगळसूत्र, आणि त्याखाली थेट बर्फाचं शिखर. जरीच्या कोयऱ्या पाखरांच्या थव्यासारख्या पोटाच्या जागी तरंगत होत्या. दोन हातांचे पंजे कुठल्याच हाताला न लागता नमस्कार करत होते, कारण बांगड्या गेल्या होत्या. आमच्या मावश्या-आत्या आहेर द्यायला आल्या की त्यांचीही मनगटं जायची आणि पाकिटं घेऊन नुसती बोटं पुढं यायची. घारूअण्णा... नाव घ्यायचं नाही ठरवलंय, आमचे एक दूरचे काका, हिरवा शर्ट घालून आले होते. त्यांचं फक्त टक्कल आलं आणि गेलं.

मी ओरडले नाही, रडले नाही. चहा तसाच हातात. आणि मग पडद्यावर, शिखराच्या कुशीतून, अप्पा आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पिवळी टेप. नखशिखांत अख्खे. दोन्ही हातांनी हिमालय धरून खाली ओढत होते. मागून माझाच आवाज आला, "अप्पा! व्हा बाजूला! सगळं घालवलंत!"

तेव्हा रडले.

अक्काला बोलावून दाखवलं. तिनं पडद्याला नाक लावलं. मग म्हणाली, "माझं पोट गेलं की गं! बरं झालं." आणि थोड्या वेळानं, "आकाशात ते काळं काय आहे, ग्रहण लागलंय?" अशी बहीण असल्यावर काय बोलायचं. तिची पुण्याची गाडी गुरुवारची. तिकडं पूजा, आणि प्लास्टर घालून बसलेल्या सासूबाई, शालू बघायला टपलेल्या.

मी ठरवलं, हातानं रंगवीन. एकेक चित्र थांबवून, माउसनं, अक्काच्या अंगावर शालू परत चढवीन. एका सेकंदाला पंचवीस चित्रं. दोन तासांची एक लाख ऐंशी हजार. मंगळवारी संध्याकाळपर्यंत माझी चौदा झाली. अर्धा सेकंद आणि वर थोडा चुरा. ह्या वेगानं पस्तीस वर्षं लागली असती, म्हणजे हे लिहायच्या वेळी सुद्धा मी तिथंच बसलेली असते. आणि रंगवलेला शालू तरी कसा, तर नवरीला पालकाच्या भाजीत उभं केल्यासारखा.

बुधवारी दुपारी दाराशी खोकला ऐकू आला. अप्पा! आमच्या स्टुडिओत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. चपला नीट जोडून ठेवल्या, आत आले, कॉम्प्युटरकडं, पंख्याकडं, माझ्याकडं बघितलं. "झाली का कॅसेट?"

मी म्हटलं, आता लपवून काय होणार. लावली.

अप्पांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि बघायला लागले. मी त्यांच्याकडं बघत नव्हते, पंख्याकडं बघत होते. मनात कात्री दिसत होती, कटिंगचं टेबल दिसत होतं, आणि जन्मभर रोज जेवताना हीच कॅसेट ऐकायची, तेही दिसत होतं.

"शालू कुठाय?" अप्पांनी विचारलं.

"गेला."

"गेला म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. मशीनला तुमच्या कापडाचा रंग दाखवला, अप्पा. मशीननं तो रंग जिथं दिसला तिथून काढला. शालूतही तोच दिसला. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. चूक माझी आहे, तुमच्या कापडाची नाही.

 अप्पांनी बोट उचललं आणि काचेवर, जिथं अक्काचा खांदा असायला हवा होता तिथं ठेवलं. "म्हणजे ह्या मशीनला दोन्हींत फरक कळला नाही?"

"नाही."

"एकदा पण नाही?"

"दोन तासांत एकदा पण नाही."

"ट्यूबलाइटखाली बघितलं असंल त्यानं."

"तसं बघत नाही, अप्पा. ते आकडे बघतं. डोळ्यांपेक्षा बारीक बघतं."

अप्पा स्टुलावर मागं सरले. चष्मा काढला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे मी अक्काच्या लग्नातही बघितलं नव्हतं. "सार!" त्यांनी बाहेर हाक मारली. "सार, इल्ली बन्नी! नोडी, नोडी!" 'या, बघा' म्हटल्यावर सार धावत आले. अप्पांनी त्यांना डोकं, पंजे आणि कोयऱ्या दाखवल्या आणि कन्नडमध्ये सांगितलं की परदेशातून आलेलं मशीन आहे, माणसाच्या डोळ्यापेक्षा बारीक बघतं, आणि चिकपेटच्या शिंप्यानं त्याला फसवलं. सारांनी मान डोलावली. दोघांनी कॅसेट मागं नेऊन पुन्हा बघितली. मी रडावं की हसावं, तेच कळेना.

"पण अप्पा, विहीणबाई?" मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "होय की." थोडा वेळ गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली. "कागद घे. मी सांगतो, तू लिही."

अप्पांना मराठी लिहिता येत होतं, पण आमच्या जुन्या लोकांसारखं, कन्नड अक्षरांत. त्यामुळं पुण्याला काही लिहायचं तर ते सांगणार आणि मी लिहिणार. त्यांनी सांगितलं: 'विहीणबाईंस नमस्कार. सोबत कॅसेट पाठवीत आहे. सकाळचा भाग ठीक आहे. संध्याकाळच्या भागात आपण दिलेला शालू दिसणार नाही. न दिसण्याचे कारण सोबत जोडले आहे. उजेडात बघावे.' आणि खाली, कागदाला, टाचणीनं त्या हिरव्या कापडाचा वीतभर तुकडा लावला. माझ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, चांगलं ना वाईट.

अक्का आणि कॅसेट गुरुवारी गेल्या. मी शुक्रवारपासून कात्री धरायची सवय करायला लागले. अप्पा रोज पोस्टमनला विचारायचे. बाराव्या दिवशी दुकानात पुण्याहून पाकीट आलं. अप्पांनी मला बोलावलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं."

खरं सांगते, उघडताना माझ्या मनात आलं होतं. ह्यांना देवनागरी पटकन लागत नाही. मध्येच एक वाक्य घालावं, 'कॅसेट चांगली झाली आहे.' कुणाला कळणार होतं? पण अप्पा दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले होते, रंग बघताना राहायचे तसे. मला जमलं नाही. जे होतं ते वाचलं.

'कॅसेट तीन वेळा पाहिली. पहिल्या वेळी वाटले आमचा टीव्ही बिघडला. शेजाऱ्यांकडे लावली, तिथेही सुनेच्या जागी डोंगर. आकाशात एक भोक आहे. एवढ्या बर्फात कोणीही स्वेटर घातलेला नाही. तुम्ही मात्र अकरा वेळा अगदी स्पष्ट दिसता. मागून एक मुलगी वडिलांवर ओरडते, तो आवाज काढून टाकला असता तर बरे झाले असते. कापडाचा तुकडा शालूवर ठेवून गॅलरीत सकाळी आणि दुपारी, दोन्ही उजेडांत पाहिला. रंग चांगला जुळला आहे. इथे आता असे जुळवून देणारे कोणी राहिले नाही. माझ्या जांभळ्या साडीतला एक धागा सोबत पाठवीत आहे. ब्लाउजचे माप सून कळवेल.'

पत्राच्या घडीत खरंच एक जांभळा धागा होता. अप्पांनी तो उचलला, उन्हात धरला, बोटाला गुंडाळला.

मी म्हटलं, "कॅसेट चांगली आहे असं कुठं लिहिलेलं नाही, अप्पा."

"'चांगला' लिहिलंय की. तूच वाचलंस आत्ता."

"ते कापडाबद्दल."

"कापड कुठाय?"

"कॅसेटमध्ये."

"मग?" अप्पा म्हणाले. "विहीणबाईंनी चांगलं म्हटलं. माझा शब्द म्हणजे शब्द."

 त्या ओरडण्याबद्दल माफी मागायची होती, पत्रात सुद्धा आलं होतं ते. तोंड उघडलं तर म्हणाले, "ती कात्री जागेवर ठेव आधी. धार घालवशील."

पुढचे चार दिवस अप्पा दुपारचे दुकानात नसायचे. मला वाटलं, जांभळ्यासाठी फिरतायत. पाचव्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत निघाले तर त्यांनी एक पुडकं हातात दिलं. आत निळं कापड होतं, स्टेजभर, कडा दुमडून शिवलेलं, वर टांगायला नाड्या, खाली सुरकुती पडू नये म्हणून शिवणीत ओवलेले शिशाचे मणी. निळा तरी कसला, असला निळा मी जन्मात बघितला नव्हता. भडक, विचित्र, डोळ्याला खुपणारा.

"हे कशाशी मॅचिंग केलंत, अप्पा?"

"कशाशीच नाही," अप्पा म्हणाले. "चिकपेटातल्या सगळ्या साड्यांना लावून बघितलं. आपल्या घरातल्या प्रत्येक कपड्याला लावलं. कुणाच्याच कशाशी जुळत नाही. तू बिनधास्त वापर."

आणि मग टेप नीट करत, त्या जांभळ्या बोटानं दुकानाचं शटर उघडायला गेले.